३५ अंशांचा लॅपटॉप, ४२ अंशांची खोली

विदर्भ-मराठवाड्यातले उष्णतेच्या लाटेचे इशारे आणि अभियांत्रिकी-पदविका महाविद्यालयांतल्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षा दरवर्षी साधारण एकाच सुमारास येतात. पारा चाळिशीपुढे सरकला, की प्रोजेक्टच्या याद्यांत लॅपटॉप थंड ठेवणारा स्टँड किंवा कूलिंग पॅडही हमखास दिसतो. विषय आटोपशीर, खर्च बेताचा, वापरणारा विद्यार्थी स्वतःच; म्हणून अनेक गाइड तो सोपा समजून होकार देतात. मला तो अजिबात सोपा वाटत नाही. नीट केला तर त्यात उष्णतेचं अख्खं शास्त्र येतं. शिवाय हा आपल्या हवामानातला अस्सल प्रश्न आहे, कारण आपल्या मांडीवरचे लॅपटॉप आपल्या उन्हाळ्यासाठी बनलेलेच नाहीत.

ॲपल कंपनी मॅकबुकच्या तांत्रिक माहितीत वापराचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस असं देते. इतर अनेक कंपन्यांच्या माहितीपत्रकांतही वरची मर्यादा म्हणून ३५ हाच आकडा दिसतो. हे तापमान भोवतालच्या हवेचं आहे, प्रोसेसरचं नव्हे. अकोला, चंद्रपूर, परभणीत मे महिन्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली राहणाऱ्या मुलामुलींच्या खोल्या ही मर्यादा दुपार व्हायच्या आतच ओलांडतात. छताचा पंखा माणसाला गार वाटायला लावतो, कारण घाम वाळतो. लॅपटॉपला घाम येत नाही. त्याच्या पोटात जाणारी हवा खोलीतलीच, ४०-४२ अंशांची.

याचा हिशेब सरळ आहे. काम तेच, पंख्याचा वेग तोच, तर प्रोसेसर खोलीपेक्षा जितके अंश वर असतो साधारण तितकेच वर राहतो. २५ अंशांच्या एसी लॅबमध्ये ८५ वर चालणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत शंभरीला टेकतो. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडी रायझेनचीही साधारण तशीच. तिथे पोचला की तो जळत नाही, स्वतःचा वेग कमी करतो. मुलं म्हणतात लॅपटॉप 'हँग' होतोय, त्यामागे अनेकदा हेच थ्रॉटलिंग असतं. आणि तरीही बहुतेक कूलिंग पॅडची चाचणी होते ती कॉलेजच्या एसी लॅबमध्ये.

लॅपटॉपच्या आतल्या उष्णतेची बाजू आधीच कुणी सोडवली आहे, हेही पाहायला हवं. प्रोसेसरवर बसवलेली चपटी तांब्याची नळी भरीव नसते. आत हवा काढून घेऊन पाण्यासारखा द्रव अगदी थोडा ठेवलेला असतो. दाब कमी असल्याने तो कमी तापमानातच उकळतो, वाफ गार टोकाकडे धावते, तिथे पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून वातीसारखी परत येते. जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलरने ही कल्पना १९४०च्या दशकातच पेटंटमध्ये मांडली होती. पण ती खऱ्या अर्थाने उभी राहिली १९६३मध्ये, अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांच्या हातून. हीट पाइप हे नाव त्यांनीच रूढ केलं. अवकाशयानांचा विचार करून घडवलेली ही नळी आज आपल्या मांडीवर आहे. कुठलाही हलणारा भाग नसताना ती उष्णता इतक्या चपळाईने वाहून नेते, की तिच्यावर विद्यार्थ्याने काही सुधारणा करायची गरज नाही. विद्यार्थ्याच्या वाट्याला उरते ती बाहेरची निम्मी वाट: हवा आत कशी येते आणि गरम हवा कुठे जाते.

तिथला आकडा काढायला दहावीचं शास्त्र पुरतं. समजा लॅपटॉप ४५ वॅट उष्णता बाहेर टाकतोय आणि आत गेलेली हवा १० अंशांनी तापून बाहेर येऊ द्यायची आहे. हवेची घनता आणि विशिष्ट उष्मा घातला, की दर सेकंदाला साधारण पावणेचार लिटर हवा लागते. हवा २० अंशांनी तापली तरी चालेल असं ठरवलं, तर निम्म्यात भागतं. ही काही प्रचंड मागणी नाही. लॅपटॉपचा स्वतःचा पंखा ती पुरवायला बसलेलाच आहे. फक्त त्याचा श्वास कोंडता कामा नये. बहुतेक लॅपटॉप हवा तळातून ओढतात. गादीवर, गोधडीवर ठेवला की रबरी पाय रुततात आणि जाळी कापडाला चिकटते. वर कापसाचे तंतू आत जाऊन हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखा थर धरतात. आपल्याकडे होस्टेलवर टेबल कमी आणि कॉट जास्त, त्यामुळे लॅपटॉप गादीवरच चालतो. आराखड्याची सुरुवात इथून, वापरणारा कुठे बसतो याच्या पाहणीतून व्हायला हवी.

म्हणून माझी एक आग्रहाची सूचना आहे. कुठल्याही कूलिंग पॅडने सगळ्यात आधी घरातल्या पाटाला हरवून दाखवावं. जेवायला बसायचा साधा लाकडी पाट गादीवर ठेवा, त्यावर लॅपटॉप ठेवा. कडक, सपाट, तळाची जाळी मोकळी. वीज शून्य, आवाज शून्य, खर्च शून्य. चार स्थितींत एकच काम चालवून पाहावं: टेबलावर, गादीवर, पाटावर आणि स्वतःच्या यंत्रावर. गादी आणि पाट यांतला फरक मोठा आणि पाट आणि आपलं पंख्याचं यंत्र यांतला फरक अर्ध्या-एक अंशाचा निघाला, तर मेहनत कुठे गेली ते कळतं. असा निकाल लपवून ठेवण्याची मुळीच गरज नाही. माझ्या मते तो चांगल्या प्रोजेक्टचा गाभा आहे.

पाटाला हरवायचे मार्ग आहेत, आणि त्यांतला मला सगळ्यात आवडणारा अगदी स्वस्त आहे. अनेक लॅपटॉपची गरम हवा मागे, बिजागरीजवळून बाहेर पडते. तीच हवा खाली वळून पुन्हा तळाच्या जाळीत शिरते. लॅपटॉपचा मागचा रबरी पाय लांब पट्टीसारखा असतो तो बऱ्याचदा या दोन हवांमध्ये भिंत म्हणून. विद्यार्थी कौतुकाने मागची बाजू चार इंच उचलतात आणि ही भिंतच निरुपयोगी होते. लॅपटॉप उचलायला हरकत नाही, पण बिजागरीखाली आडवी पट्टी हवी. फोमची, ॲक्रिलिकची, अगदी जाड पुठ्ठ्याची चालेल. गरम हवा मागे-वर, थंड हवा पुढून-खालून. उदबत्तीचा धूर धरून हे डोळ्यांनी पाहता येतं. मागे भिंत वीतभर अंतरावर असेल तर धूर परत येतानाही दिसेल.

पंखे लावायचेच असतील तर त्यांचं गणितही मांडावं. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट होते, पण वीज आठपट लागते. पंख्याच्या खोक्यावर छापलेला हवेचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. बारीक जाळीसमोर तो झपाट्याने घसरतो. शिवाय पॅडवरचे पंखे आणि लॅपटॉपच्या तळाची जाळी एकमेकांसमोर येतीलच असा काही नियम नाही, आणि बाजारातल्या पॅडमध्ये ते अनेकदा येतही नाहीत. कडेने फोम लावून हवा बाहेर निसटू न देणारे पॅड त्या मानाने खरंच काम करतात. ॲल्युमिनियमची प्लेट 'उष्णता शोषून घेते' हा दावाही तपासावा. ॲल्युमिनियम उष्णतेचं उत्तम वाहक आहे हे खरं, पण रबरी पायांमुळे प्लेट आणि लॅपटॉप यांच्यामध्ये हवेचा थर असतो आणि हवा अत्यंत मंद वाहक. अडथळा त्या थराचा आहे, प्लेट कितीही चांगली असो.

पेल्टिअर मॉड्यूलचा मोह मात्र आवरावा. जाँ पेल्टिअर यांनी १८३४मध्ये दाखवलेला परिणाम सुंदर आहे: वीज सोडली की एक बाजू गार, दुसरी गरम. पण जितकी उष्णता उचलायची त्याच्याइतकी किंवा त्याहून जास्त वीज तो स्वतः खातो आणि सगळी मिळून गरम बाजूला ओततो. लॅपटॉपच्या पोर्टवर तो चालणारच नाही. आणि कोकणात तर तो घातक आहे. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. रत्नागिरीत पावसाळ्यात २० अंशांची गार प्लेट लॅपटॉपखाली ठेवली, की तिच्यावर पाणी जमणार. अकोल्यात मेमध्ये ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १२च्या जवळ. तिथे हा धोका नाही, पण विजेचा आणि उष्णतेचा हिशेब तसाच.

मेणाचा, म्हणजे वितळताना उष्णता सामावून घेणाऱ्या पदार्थाचा मार्ग अधिक चांगला. पॅराफिन वितळताना किलोमागे सुमारे २०० किलोज्यूल उष्णता घेतं. अर्धा किलो मेण २० वॅट सतत घेत राहिलं तर सव्वा तासाच्या वर टिकतं. एका ऑनलाइन परीक्षेला पुरेसं. ३७ अंशांना वितळणारं मेण मात्र ४२ अंशांच्या खोलीत आधीच वितळलेलं असेल. इथे पुन्हा खोलीचं तापमानच आडवं येतं.

म्हणून मोजमाप. माझ्या मते या प्रोजेक्टचं निम्मं मोल तिथे आहे. मे २०२४च्या अखेरीस दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रात ५२.९ अंश नोंदले गेले आणि देशभर मथळे झाले. हवामान विभागाने तपासल्यावर तिथला सेन्सर ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. त्याच दिवसांत नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने तर ५६ दाखवले. तोही बिघडलेला सेन्सर. सरकारी केंद्रांवर हे घडू शकतं, तर पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या स्वस्त सेन्सरवर डोळे मिटून विश्वास कसा ठेवायचा? डीएचटी११ या सेन्सरची चूक दोन अंशांपर्यंत असू शकते. अशा सेन्सरने 'दीड अंश घट' सिद्ध होत नाही. डीएस१८बी२० अर्ध्या अंशाच्या आत राहतो आणि जलरोधक रूपातही मिळतो, म्हणून चाचणीआधी सगळे सेन्सर एकाच बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्याशी ताडून पाहता येतात. कोविडनंतर सगळीकडे दिसणारी इन्फ्रारेड बंदूक चकचकीत ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर साफ चुकीचा आकडा देते, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करतो आणि भोवतालची परावर्तित करतो. तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर मोजायचं. आणि प्रत्येक नोंदीशेजारी खोलीचं तापमान. आलेखात नुसतं तापमान नको, खोलीपेक्षा किती अंश वर हे हवं.

आणखी एक सापळा आहे आणि त्यात हुशार मुलंही अडकतात. यंत्र उत्तम झालं, हवा खेळती झाली, तरी प्रोसेसरचा आकडा ९५ वरच राहतो. मुलं हिरमुसतात. प्रत्यक्षात प्रोसेसरने मिळालेली सवलत वेगावर खर्च केलेली असते. तो त्याच तापमानात जास्त काम करतोय. त्यामुळे तापमानाबरोबर वॅट आणि पूर्ण झालेलं कामही नोंदवावं. सिनेबेंच आर२३ या सॉफ्टवेअरची दहा मिनिटांची चाचणी यासाठी सोयीची, आणि पहिल्या मिनिटाच्या आकड्यावर कधीही थांबू नये. सुरुवातीचा जोर ओसरल्यावरच खरं चित्र दिसतं.

हे सगळं फक्त लॅपटॉपच्या वेगासाठी नाही. २०१०मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेलमधल्या डॉक्टरांनी पिडिॲट्रिक्स या नियतकालिकात एका बारा वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली होती: कित्येक महिने रोज काही तास लॅपटॉप मांडीवर ठेवून खेळल्याने डाव्या मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठले होते. काश्मीरमध्ये निखाऱ्यांची कांगडी जवळ बाळगणाऱ्यांच्या त्वचेवर डॉक्टरांना असेच डाग दिसत आले आहेत. भाजण्याइतकी उष्णता लागत नाही, ४३-४४ अंश दीर्घकाळ पुरतात. ४२ अंशांच्या खोलीत तळ तिथे पोचायला वेळ लागत नाही. म्हणून तळ आणि मांडी यांच्यामध्ये काही असणं हा शोभेचा मुद्दा नाही.

तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविकेत कॅपस्टोन प्रोजेक्टचं नियोजन पाचव्या सत्रात आणि प्रत्यक्ष काम सहाव्यात, अशी रचना आपण पाहिली आहे. त्यात वेळ पुरेसा असतो. तरी तोंडी परीक्षेत चर्चा रंगते ती एलईडी किती आणि बॉडी थ्रीडी प्रिंट केली की लेझरने कापली यावर. चाचणी घेतली तेव्हा खोली किती अंशांवर होती, हे परीक्षकांनी विचारावं आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नये. आणि दोन महाविद्यालयांनी मिळून एक गोष्ट करून पाहावी: कोरड्या अमरावतीच्या मुलांचा स्टँड दमट कोकणातल्या लोणेऱ्याला पाठवायचा, लोणेऱ्याचा अमरावतीला, मेच्या एकाच आठवड्यात एकच चाचणी घ्यायची. कुरिअरचा खर्च दोन पंख्यांपेक्षा जास्त होणार नाही.