शिक्षा संपली, मताचा हक्क राहिला

बांधावरून भांडण होते. काठ्या उठतात. कुणाचे तरी डोके फुटते. खटला चालतो आणि एखाद्या गड्याला तीन वर्षांची सजा होते. सजा भोगून तो घरी येतो. पुढे निवडणूक लागते. बायको म्हणते, "चला, मत देऊन येऊ." तो म्हणतो, "तू जा. तुरुंगात जाऊन आलेल्याला कसलं आलंय मत!"

मंडळी, ही समजूत खोटी आहे.

कायदा काय सांगतो ते पाहू. 1951 सालच्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 62 आहे. जो माणूस तुरुंगात किंवा पोलिसांच्या ताब्यात आहे, त्याला मत देता येत नाही, असे त्यात लिहिले आहे. जो पूर्वी तुरुंगात होता, त्याला मनाई नाही. सजा भोगून सुटला की तो इतरांसारखाच मतदार. जामिनावर सुटलेला माणूसही मत देऊ शकतो, मग त्याचा खटला चालू का असेना.

खटल्याचा निकाल लागायचा आहे, पण जामीन मिळाला नाही, असा माणूस मात्र आतच राहतो आणि मताला मुकतो. पैशाअभावी जामीन न मिळालेला गरीबही त्यात आला. मला हे पटत नाही. पण 1997 साली सुप्रीम कोर्टाने हे कलम कायम ठेवले, तेव्हा आज कायदा असा आहे.

मग हा गैरसमज आला कुठून? लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. दोन वर्षे किंवा जास्त सजा झालेल्याला, सुटल्यावर आणखी 6 वर्षे आमदारकी-खासदारकीला उभे राहता येत नाही. हे खरे. पण उभे राहणे वेगळे आणि मत टाकणे वेगळे, बरं का!

एक अपवाद आहे. मतासाठी पैसे देणे किंवा घेणे, दुसऱ्याच्या नावावर मत टाकणे, असा निवडणुकीतलाच गुन्हा शाबीत झाला, तर 6 वर्षे मताचा हक्क जातो. हे योग्यच झाले.

काही वस्त्यांवर तर कोर्टाची पायरी न चढलेली माणसेही मागे राहतात. इंग्रज सरकारने 1871 साली कायदा करून कित्येक जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढे तो कायदा आपल्या मुलखातही आला. पारधी, कैकाडी अशा लोकांनी त्याचे चटके सोसले. 1952 साली तो कायदा गेला. लोकांच्या मनातला शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. मतदार यादीत मात्र असला शिक्का कुठेच नसतो.

आता करायचे काय? आधी यादी पाहा. तुरुंगात गेल्यामुळे यादीतले नाव कमी होत नाही. 2013 साली कायद्यात तसे स्पष्ट लिहिले गेले. पण माणूस बरीच वर्षे घरी दिसला नाही, तर गाव सोडून गेला असे समजून नाव काढले गेलेले असू शकते. तसे झाले असेल तर नमुना 6 चा अर्ज भरा. अर्जाला पैसे पडत नाहीत. गावातल्या मतदान केंद्राचे काम पाहणारा अधिकारी असतो, त्याला बीएलओ म्हणतात. बहुधा शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीच्या बाई हे काम करतात. त्यांना विचारा, नाहीतर तहसील कचेरीत जा. 1950 या नंबरावर फोन केला तरी माहिती मिळते. मतदानाच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. हे काम आधीच उरकावे.

मतदानाच्या दिवशी ओळखीचा कागद जवळ ठेवा. केंद्रात उमेदवाराचा माणूस बसलेला असतो. तो दोन रुपये भरून हरकत घेऊ शकतो, पण कशाची? 'यादीतला माणूस हा नव्हे' एवढ्याचीच. 'हा तुरुंगात जाऊन आलाय' ही हरकत तिथे चालत नाही. ओळख पटली की बोटाला शाई लावतात आणि मत द्यायला पाठवतात.