जुन्या ग्रंथांतील कष्टकरी

घरांतील कपाटें आवरण्याचा प्रसंग आला कीं, पोथ्या व कादंबऱ्या यांस जागा मिळते. परंतु देशाची समाजस्थिति, अर्थव्यवहार व मजुरी ह्यांविषयींचे जाड, पिवळे पडलेले ग्रंथ प्रथम रद्दींत जातात. आंकड्यांनीं भरलेलें हें बाड आतां कोण वाचणार, असा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांतही ऐकूं येतो. आमच्या गोंदियाचें उदाहरण घेऊन त्याचें उत्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गोंदिया जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. म्हणून त्याचा पूर्वेतिहास भंडाऱ्याच्या नांवाखालीं शोधावा लागतो. १९०८ सालचें भंडारा जिल्ह्याचें गॅझेटियर, आणि रसेल यांनीं रायबहादुर हिरालाल यांच्या साहाय्यानें १९१६ सालीं चार भागांत प्रसिद्ध केलेला मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील ग्रंथ, हीं त्याचीं प्रमुख साधनें होत. नवेगांवबांधचा जलाशय पाहून आपण निसर्गाची वाखाणणी करितों. पण तें पाणी मनुष्यानें पाळ घालून अडविलेलें आहे. असे तलाव बांधण्यांत कोहळी समाजाचा हातखंडा होता, हें ह्या ग्रंथांवरून कळतें. डोळ्यांसमोरील वस्तूमागचे हात दाखविणें, हा जुन्या ग्रंथांचा पहिला उपयोग.

तथापि छापलें तें सर्व प्रमाण, असें मानूं नये. ग्रंथाचें तात्पर्य ठरवितांना मीमांसक उपक्रम व उपसंहार पाहतात, कोणती गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे तें पाहतात आणि फल कोणतें, याचा विचार करितात. तीच कसोटी येथें लावावी. सरकारी ग्रंथांत जमीन, पीक व सारा यांची आवृत्ति वारंवार होते. कारण राज्यकर्त्यांस वसुली व बंदोबस्त हवा होता. पाळीवर मातीची पाटी वाहणाऱ्या बाईच्या पदरीं काय पडलें, हें विचारण्याचें त्यांस प्रयोजन नव्हतें. आजही ह्या तलावांस ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. मालगुजारी १९५१ सालीं संपली. नांव मात्र मालकीचें राहिलें, मेहनतीचें नाहीं.

फल बदललें कीं तेच आंकडे वेगळें बोलूं लागतात. दादाभाई नौरोजी यांनीं १९०१ सालीं, आणि रमेशचंद्र दत्त यांनीं १९०२ व १९०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, सरकारी कागदांच्याच आधारें देशाचें दारिद्र्य सिद्ध केलें. मराठींत त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ ह्या १९१५ सालच्या ग्रंथानें कुणबी, बलुतेदार व वतनदार ह्यांचा परस्परव्यवहार उलगडून दाखविला. एकाच विषयावरील दोन ग्रंथ शेजारीं ठेवून वाचावे, ते याकरितां.

आतां विडी घ्या. गोंदियाची ती जुनी ओळख. उन्हाळ्यांत पहांटे जंगलांत जाऊन तेंदूचीं पानें तोडावयाचीं, त्यांचीं पुडकीं बांधून वाळवावयाचीं, आणि पुढें घरोघर बायकांनीं पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळावयाचा, असा हा धंदा. १९२९ सालीं नेमलेल्या मजूरविषयक शाही कमिशननें १९३१ च्या अहवालांत विडीच्या कारखान्यांतील लहान मुलांच्या स्थितीकडे लक्ष वेधलें. १९३३ सालीं मुलांचे श्रम गहाण ठेवण्याविरुद्ध कायदा झाला. परंतु विडी-कामगारांकरितां, घरीं बसून विड्या वळणाऱ्यांसहित, संपूर्ण देशास लागू होणारा कायदा होण्यास १९६६ साल उजाडलें. म्हणजे त्या अहवालानंतर पस्तीस वर्षें! नोंद झाली म्हणजे न्याय झाला असें नव्हे. पण नोंदच नसेल, तर न्याय कशाच्या आधारें मागावयाचा?

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंति आहे. असे ग्रंथ नकोसे झाले, तर ते रद्दीवाल्यास न देतां गांवच्या ग्रंथालयास द्यावे. घरच्या जुन्या हिशेबवह्याही फेकूं नयेत. गड्यास किती धान्य दिलें, मोलकरणीस सणाला काय दिलें, हें जें छापील ग्रंथांत सांपडत नाहीं, तें तेथें सांपडेल. एखाद्या संध्याकाळीं तीं पानें मुलांपुढें वाचावीं. तीं वाचतांना आपल्या वडिलांच्या हातून कोणास कमी मिळालें असें दिसलें, तर तें पान झांकूं नये. तेंही मुलांस वाचूं द्यावें.