खेळ मध्येंच कां बंद पडतो?

घरांतील संगणकावर मुलांचा खेळ ऐन रंगांत आलेला असतांना पडदा एकाएकीं काळा व्हावा, किंवा खेळ नाहींसा होऊन मागचें चित्र तेवढें उरावें, हा प्रकार आतां पुष्कळ कुटुंबांच्या परिचयाचा झाला आहे. असें दोन-चार वेळां घडलें, कीं वडील मंडळींचा निकाल ठरलेला असतो : "खेळ खेळून यंत्र बिघडविलें!" चिरंजीवांच्या मतें खेळच मुळीं सदोष. वस्तुतः दोन्ही निकालांत घाई आहे. आणि त्याच संगणकांत घरचे हिशेब, आयकराचीं विवरणपत्रें व कित्येक वर्षांचीं छायाचित्रें सांठविलेलीं असल्यामुळें या घाईचा तोटा खेळणारांपेक्षां न खेळणारांसच अधिक होण्याचा संभव असतो.

पत्र लिहितांना किंवा हिशेब मांडतांना संगणकाचा प्रोसेसर बहुतेक वेळ स्वस्थ बसलेला असतो. मोठा खेळ सुरू झाला, म्हणजे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि या सर्वांस वीज पुरविणारा पॉवर सप्लाय हे चौघेहि एकाच वेळीं कामास जुंपले जातात. वाड्याचें कौल कोठें सरकलें आहे हें मृगाच्या पहिल्या सरींत कळतें, पण पावसानें कौल सरकविलें असें कोणी म्हणत नाहीं. रॅममध्यें दोष असेल तर तो खेळापुरता राहत नाहीं. फाइलची नक्कल होतांनाहि एखादा आंकडा चुकीचा उतरूं शकतो, व त्याची वार्ता कोणास लागत नाहीं. म्हणून पहिलें काम तपासणीचें नव्हेच. महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. पूर्वीं काढलेली प्रत असेल ती मात्र पुसूं नये, कारण कदाचित् तीच शुद्ध असेल.

पडद्यावर उमटणाऱ्या संदेशावर कितपत विसंबावें, याचा चांगला धडा इंटेल कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांनीं दिला. हे प्रोसेसर २०२२ व २०२३ सालीं बाजारांत आले. त्यांपैकीं वरच्या दर्जाचे प्रोसेसर असलेल्या कित्येक यंत्रांवर 'अनरियल एंजिन'च्या पायावर रचलेले खेळ सुरू होतांहोतांच बंद पडूं लागले, आणि संदेश येई तो ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी पडल्याचा! साहजिकच संशय कार्डावर गेला. परंतु अशा खेळांत दृश्यें रंगविण्याच्या सूचना, ज्यांस शेडर म्हणतात, त्या आंवळून ठेवलेल्या असतात, आणि आरंभीं त्या उलगडण्याचें काम प्रोसेसरचें असतें. चूक प्रोसेसर करी, आणि खापर कार्डावर फुटे. २०२४ सालीं कंपनीनें कारण जाहीर केलें : वाजवीपेक्षां अधिक व्होल्टेज आणि उष्णता यांच्या योगानें प्रोसेसरमधील घड्याळाचे ठोके पोहोंचविणारी रचना अकालीं जीर्ण होत होती. त्याच वर्षाच्या ऑगस्ट-सप्टेंबरांत मदरबोर्डाच्या बायोसमार्फत घालावयाची सुधारणा आली, व हमीची मुदतहि दोन वर्षांनीं वाढविण्यांत आली. ती सुधारणा पुढील ऱ्हासास आळा घालण्यापुरती आहे. एकदां झिजलेला प्रोसेसर तिनें पूर्ववत् होत नाहीं, तो बदलूनच घ्यावा लागतो.

प्रत्येक घरीं इतकें असाधारण कारण असेल असें नाहीं. बंद पडतो तो एकच खेळ कीं सर्वच, हा पहिला प्रश्न. एकच असेल तर त्याच्या फाइल तपासून घ्याव्या. स्टीमवर तशी सोय आहे. विंडोजमध्यें 'रिलायबिलिटी मॉनिटर' नांवाची एक दैनंदिनी आपोआप लिहिली जात असते, आणि कोणत्या दिवशीं काय बिघडलें हें तींत तांबड्या खुणेनें दिसतें. ती फारच थोडीं माणसें उघडून पाहतात. एखादा नवा ड्रायव्हर ज्या दिवशीं चढविला त्याच दिवसापासून खुणा लागल्या असतील, तर आणखी शोध कशाला करावा? पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हां उजळत असेल, तर ग्राफिक्स कार्डानें सुमारें दोन सेकंद उत्तर न दिल्यामुळें विंडोजनें त्याचा ड्रायव्हर नव्यानें सुरू केला, असें बहुधा समजावें. कांहींएक संदेश न येतां संपूर्ण यंत्रच बंद होत असेल, तर उष्णता आणि पॉवर सप्लाय यांकडे आधीं पाहावें. आपल्याकडे कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यांत कोंडण्याची हौस फार. आंतली हवा आंतच फिरते, आणि पंख्यावर धुळीचा थर चढतो तो निराळाच.

रॅमविषयीं एक बारकावा दुकानदार क्वचितच सांगतात. ६००० अंकाची म्हणून विकलेली डीडीआर-५ रॅम त्या वेगानें चालते ती बायोसमधील एक्सएमपी किंवा एक्सपो ही मुभा दिल्यावर, आणि हा वेग प्रोसेसरच्या नेमस्त मर्यादेबाहेरचा असूं शकतो. ती मुभा काढून चार दिवस खेळूं द्यावें. तरीहि दोष राहिला तर 'मेमटेस्ट ८६' रात्रभर चालवावा. त्यांत एकहि चूक न निघणें हा निर्दोषपणाचा पूर्ण पुरावा नव्हे, परंतु एक जरी निघाली तरी तेवढी पुरे. मग दोन पट्ट्यांपैकीं एकेक लावून पाहावी.

हें सर्व करतांना एका वेळीं एकच फेरफार करावा, व तो तारखेसह वहींत टिपावा. दुरुस्तीस येणारे गृहस्थ पुष्कळदां प्रथमच "विंडोज नव्यानें टाकूं" असें सुचवितात. तो उपाय अगदीं शेवटीं ठेवावा, कारण त्यानें वर सांगितलेली दैनंदिनीहि पुसली जाते, आणि दोष यंत्राच्या अंगचा असल्यास तो जागच्या जागीं राहतो. दुकानांत जातांना वही आणि खरेदीची मूळ पावती बरोबर न्यावी. संगणक जोडून देणाऱ्याची हमी संपली असली, तरी प्रोसेसरच्या किंवा रॅमच्या उत्पादकाची हमी पुष्कळदां शिल्लक असते.