खरखर, घरघर, टकटक, चीं: पुढच्या चाकाच्या आवाजाचा मागोवा

पुढच्या चाकातून आवाज येऊ लागला की आज पुण्यात गाडी सर्व्हिसिंगला जाते आणि जॉबकार्डावर बहुधा दोनच शब्द पडतात: ‘फ्रंट नॉइज’. तेवढ्यावर पॅड बदलले जातात, बिल होतं आणि कित्येकदा तोच आवाज थोड्या दिवसांनी परत येतो. जुन्या चेतकपासून विजेवरच्या चेतकपर्यंतचा काळ पाहिला, तर प्रत्येक पिढीच्या गाडीनं आपला आवाज बदललेला दिसतो. मात्र तो ओळखायची रीत बदलायचं कारण कधीच नव्हतं, कारण ती आपल्या भाषेतच आहे. खरखर, घरघर, टकटक आणि चीं हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पुढच्या चाकापुरतं बोलायचं, तर प्रत्येक शब्द वेगळ्या भागाकडे बोट दाखवतो.

१९७२ साली बजाजची चेतक आली तेव्हा तिच्या दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक होते. ॲम्बेसेडर आणि पद्मिनी यांनाही दीर्घकाळ पुढे ड्रमच होते. बंद ड्रममध्ये लायनरची भुकटी साचते, लायनर तापून चकाकतो आणि ब्रेक दाबला की खरखर उठते. मिस्त्री ड्रम काढत, आत हवा मारत, लायनरवर पॉलिश पेपर घासत आणि आवाज थांबे. ‘जुन्या गाड्या अशा किरकिरत नसत’ असं म्हणणाऱ्यांनी या उपायाची दुसरी बाजूही पाहायला हवी. त्या लायनरमध्ये सर्रास ॲस्बेस्टॉस असे. हवेच्या झोतानं उडालेली भुकटी मिस्त्रीच्या छातीत जाई, आणि ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो हे निर्विवाद सिद्ध झालेलं आहे. पुढे त्याच्या जागी धातूचे तंतू मिसळलेली मिश्रणं आली. ती उष्णता चांगली सोसतात, पण आवाज जास्त करतात. थोडी किरकिर सोसून माणसांच्या छात्या वाचत असतील, तर हा सौदा रास्तच म्हणायला हवा.

डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका आणि २००१ मध्ये पल्सर बाजारात आली. या दोन्ही पुण्याच्या परिसरात घडलेल्या गाड्या, आणि त्यांच्या काळात पुढची डिस्क रोजच्या पाहण्यातली झाली. डिस्क उघडी असल्यानं पाणी, धूळ आणि खडी तिच्यापर्यंत सहज पोचतात. अनेक मोटारींच्या पॅडला एक बारीक पोलादी पट्टी असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि चीं असा आवाज येतो. ही पट्टी मुद्दाम इशारा देण्यासाठीच बसवलेली असते. तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर लोखंडावर लोखंड घासतं आणि डिस्कवर चरे पडतात. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टकटक ऐकू आली, तर ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचं रबरी बूट फाटून ग्रीस गेलंय का ते पाहावं. ब्रेक दाबा किंवा सोडा, वेगाबरोबर घरघर वाढतच जात असेल तर संशय बेअरिंगवर. डावीकडे वळताना ती आणखी वाढली, तर उजवं बेअरिंग आधी तपासावं, कारण वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवायचं आणि हातानं फिरवायचं. खेळ किंवा खडबडीतपणा बोटांना जाणवतो.

यावर पहिला आक्षेप असा की आता गाडीत संगणक आहे, स्कॅनर लावला की सगळं कळतं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं आणि चाकाचा वेग मोजणारा सेन्सर मोटारसायकलवरही आला, हे खरं. पण तो वेग मोजतो, आवाज ऐकत नाही. कॅलिपरची पिन कोरडी पडून अडकली किंवा डिस्कमागच्या पत्र्यात खडा रुतला, तर स्कॅनरवर कोड उमटत नाही. दुसरा आक्षेप असा की पॅड बदलण्यात काय वाईट? पॅड झिजला असेल तर तो बदलायलाच हवा. पण पिन अडकल्यामुळे आतला पॅड संपला आणि बाहेरचा जाडच राहिला असेल, तर नवा जोडही तसाच झिजणार. म्हणून काढलेले दोन्ही पॅड शेजारी ठेवून त्यांची जाडी पाहिली पाहिजे. तिसरा आक्षेप असा की हे मिस्त्रीचं काम, मालकाचं नव्हे. दुरुस्ती मिस्त्रीचीच, पण कात्रजचा घाट उतरताना आलेला आवाज गॅरेजच्या दारात येईलच असं नाही. त्याचा एकमेव साक्षीदार चालवणारा असतो. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला डिस्क खरखरते आणि मग गप्प होते. रात्रीत धरलेला गंज तेवढ्यात पुसला जातो आणि त्यासाठी एक पैसाही खर्चायची गरज नसते. साक्ष नीट दिली नाही, तर त्याचंही बिल होतं.

जानेवारी २०२० मध्ये चेतक परत आली ती विजेवर. विजेच्या गाडीत इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे चाकाची बारीक कुरकुरही स्पष्ट ऐकू येते. वेग कमी करायचं बरंच काम मोटरच करते. त्यामुळे पॅड कमी झिजतात, पण कमी वापरल्या जाणाऱ्या डिस्कवर गंज अधिक काळ राहतो. येत्या काळात पुढच्या चाकाचा आवाज कानावर जास्तच पडणार आहे. तेव्हा गाडी गॅरेजला नेण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा: आवाज कसा आहे, किती वेगाला येतो, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, कोणत्या वळणावर. जॉबकार्डावरही त्या तशाच उतरवून घ्या आणि बदललेले पॅड मागून घेऊन डोळ्यांनी पाहा.