कानामागची गोळी

अमेरिकेत मांसासाठी गुरे पुष्ट करण्याची मोठमोठी आवारे आहेत. तेथे जनावराच्या कानाच्या मागील बाजूस, कातडीखाली, जाड सुईने बारीक गोळ्या बसवितात. त्यांतून संप्रेरक, म्हणजेच हार्मोन, कित्येक महिने थोडेथोडे रक्तात उतरते. जनावराच्या अंगी मांस लवकर धरते व तेवढ्याच वजनास खाद्य कमी लागते. कत्तलीनंतर तो कान टाकून देतात. मांस स्वस्त पडते आणि सरकारची परवानगीही आहे. मग यात नीतीचा प्रश्न कोठे आला, असे कोणी विचारील.

परवानगी म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. 1954 साली त्याच देशात स्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक गुरांच्या खाद्यात घालण्यास मान्यता मिळाली. हेच औषध गर्भपात टळावा म्हणून गरोदर स्त्रियांनाही देत असत. अशा मातांच्या काही मुलींना एक दुर्मिळ कर्करोग झाल्याचे 1971 साली उघडकीस आले. 1979 साली गुरांसाठी त्याचा वापर बंद झाला. मधली पंचवीस वर्षे खाणाऱ्यांनी विश्वासावर काढली.

आज वापरात असलेली संप्रेरके निराळी आहेत. तरी त्यांविषयीही एकमत नाही. संप्रेरके दिलेल्या गुरांचे मांस युरोपने 1989 पासून आपल्या बाजारात येऊ दिलेले नाही. ही बंदी धोक्याच्या पुरेशा शास्त्रीय पडताळणीवर उभी नाही, असा निर्णय जागतिक व्यापार संघटनेने 1998 साली दिला. तरीही युरोपने ती उठविली नाही. विद्वानांतच असा मतभेद असता, आपण काय खातो हे जाणण्याचा सामान्य माणसाचा हक्क तरी कोणी हिरावू नये, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे प्रश्न वेगळ्या रूपाने गोठ्यात शिरतो. रेडकू दगावले की म्हैस पान्हा सोडीत नाही. मग काही जण प्रत्येक धारेपूर्वी ऑक्सिटोसिनची सुई टोचतात. हे वाढीचे औषध नव्हे, पण मोह तोच. हा दुरुपयोग थांबावा म्हणून केंद्र सरकारने 2018 साली या औषधाच्या खासगी उत्पादनास मनाई केली. परंतु बाळंतपणातील रक्तस्राव थांबवून हेच औषध मातांचे प्राण वाचविते. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली. सारांश, प्रत्येक गोठ्यात कायदा पहारा देऊ शकत नाही.

परमेश्वराने मुकी जनावरे आपल्या हाती सोपविली, ती पिळून काढण्यासाठी नव्हे. जनावर बोलत नाही, गिऱ्हाइकाला दिसत नाही. साक्षीला उरते ती मालकाची सदसद्विवेकबुद्धी. म्हणून सुई हाती घेण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावे: हे पशुवैद्याने सांगितले आहे काय? जनावराच्या दुखण्यासाठी आहे, की आपल्या लोभासाठी? आणि ज्या घरी हे दूध जाणार, त्या घरच्या आईसमक्ष आपण ही सुई टोचू काय? या शेवटच्या प्रश्नास जो निःसंकोच होय म्हणेल, त्याने खुशाल टोचावी.