सोळा मोकळा ठेवा

जुनी केबल पकडीने तोडली आणि तिच्या तोंडातून पाणी गळलं. चमचाभरच असेल, पण शाईसारखं काळं. तांडेलाने ते बोटावर घेऊन जिभेला लावलं. "खारं नाही साहेब, गोडं आहे," म्हणाला. बरोबर होतं त्याचं. पाणी पावसाचं होतं. वर अँटेनाच्या बुडाशी असलेल्या कनेक्टरमधून ते शिरलं होतं आणि वातीतून तेल चढावं तसं तांब्याच्या जाळीतून केबलभर पसरलं होतं. मी फूटभर मागे कापलं, तांबं काळं. आणखी दोन फूट कापलं, तेच. सहा फुटांनंतर नाद सोडला आणि अख्खी केबल उपसून खाली टाकली.

हर्णैला बोटींना आडोसा नाही. पावसाळ्यात त्या आंजर्ल्याच्या खाडीत येऊन शाकारून बसतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि माझं काम त्या शेवटच्या पंधरवड्यात एकदम अंगावर येतं. झाप उतरत असतात, रंगाचे डबे उघडे पडलेले असतात, इंजिनाखाली कुणीतरी आडवा झालेला असतो, आणि मग कुणालातरी आठवतं की वायरलेस गेल्या मोसमापासून नीट चालत नाही. व्हीएचएफ हा शब्द फक्त सेटच्या खोक्यावर. बोटीवर तो वायरलेस.

या तांडेलाची तक्रार नेहमीची होती. "आम्हाला सगळ्यांचं येतं, आमचं कुणाला जात नाही." त्यापायी त्याने सेट बदलला होता. नवा सेट, जुनी केबल, तीच तक्रार. कुणी त्याला केबल बघायला सांगितलंच नव्हतं, कारण केबल विकून फार काही सुटत नाही.

ऐकू येतं पण बोलणं जात नाही, यात जादू काही नाही. शेजारची बोट २५ वॉटने बोलते. त्यातला शंभरावा हिस्सा कुजक्या केबलीतून खाली आला तरी स्पीकर वाजतो. पण आपण बटण दाबलं की शक्ती कनेक्टरपाशी आपटून मागे फिरते, आणि हल्लीचे सेट स्वतः जळू नयेत म्हणून आपला जोर आपणच कमी करतात. त्यात या बोटीवर आणखी एक गंमत होती. सेटची वीज केबिनच्या दिव्याच्या वायरवरून काढलेली होती. मी बटण दाबलं आणि दिवा मिणमिणला. ऐकताना हा सेट अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, बोलताना पाच-सहा घेतो. दिव्याच्या त्या सुतळीएवढ्या वायरीतून सहा अँपिअर ओढले की बॅटरीचे बारा व्होल्ट सेटपर्यंत पोचेतो दहा होतात. बोलणारा घसा खरवडून ओरडतो, आणि सेट मात्र कुजबुजत असतो.

मी मूळचा मार्कोनी. जहाजावर रेडिओ ऑफिसरला सगळे 'मार्कोनी साब' म्हणत. आमच्या खोलीत एक घड्याळ असे, तबकडीवर लाल आणि हिरव्या फाका रंगवलेलं. दर तासाला पंधराव्या मिनिटापासून तीन मिनिटं आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन मिनिटं, म्हणजे लाल फाकांत काटा आला की ५०० किलोहर्ट्झवर मोर्स पाठवणारा प्रत्येक हात थांबायचा. त्या वेळात फक्त ऐकायचं. एखाद्या क्षीण सेटवरून कुणी बुडत असल्याचं सांगत असेल तर ते ऐकू यावं म्हणून. हिरव्या फाका तशाच २१८२ किलोहर्ट्झवरच्या बोलण्यासाठी. १ फेब्रुवारी १९९९ पासून समुद्रातल्या संकटहाकेची नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली, मोर्स गेला आणि माझी जातही गेली. तसलं एक घड्याळ दापोलीला माझ्या ओटीवर आहे. नातवंडांना वाटतं आजोबांनी पिझ्झाचं घड्याळ आणलंय.

तर काम. आधी वीज. बॅटरीपासून थेट दोन जाड वायरी, कलई केलेल्या तांब्याच्या, आणि बॅटरीच्या जवळच दहा अँपिअरचा फ्यूज. बोट चोवीस व्होल्टची असेल तर दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून बारा काढायचा मोह सगळ्यांना होतो. एक उपाशी राहते, दुसरी अजीर्णाने मरते, आणि मोसमाच्या मध्यावर दोन्ही बदलाव्या लागतात. कन्व्हर्टर घ्या म्हटलं की लोक माझ्याकडे विमा एजंटाकडे बघावं तसे बघतात.

सेटची जागा तांडेलाच्या हाताशी, पण होकायंत्रापासून हातभर तरी लांब. स्पीकरला लोहचुंबक असतो. तो सुईला लाडीगोडी लावून चुकीच्या दिशेला वळवतो.

मग केबल. पातळ आरजी-५८ स्वस्त आणि वळवायला सोपी. पण पंधरा मीटर आरजी-५८ मधून २५ वॉट वर पाठवले तर अँटेनाला निम्मेच पोचतात. बोटाएवढ्या जाड आरजी-२१३ मधून अठरा-एकोणीस पोचतात. मी जाडच ओढतो. केबिनच्या छतातून आत घेताना बाहेर तिला एक झोळ देतो, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, भोकातून सेटवर उतरत नाही.

खरी परीक्षा कनेक्टरची. बाहेरचं काळं आवरण इतक्या हलक्या हाताने कापायचं की खालच्या जाळीच्या एका तारेलाही पातं लागू नये. जाळी मागे सारायची, आतल्या पांढऱ्या गाभ्यातून मधली तार उघडी करायची, तिला आधी कलई द्यायची. मग पितळी टोपण चढवून बाजूच्या चार बारीक भोकांतून जाळीला डाख द्यायचा. खाडीवर वारा असतो, इस्त्रीचं टोक निवतं; म्हणून तांडेलाचा भाचा गोणपाट धरून आडोशाला उभा. जास्त वेळ उष्णता दिली तर पांढरा गाभा वितळून मधली तार सरकते. कमी दिली तर डाख वरवर चकाकतो आणि आत धरत नाही. पहिलं कनेक्टर मी बिघडवलं. जाळीची केसाएवढी एक तार मधल्या पिनेला टेकली होती. मीटर लावला तर आरपार चालू. पोराने विचारलं, "काका, एवढ्याशा तारेने काय होतंय?" मी म्हटलं, "तुझ्या मामाचा नवा सेट जातो." दुसरं नीट बसलं. वरून आपल्याआपणच एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळली, खालून वर, कौलं घालतात तशी, म्हणजे पाण्याला कुठे तोंड सापडत नाही.

अँटेना डोलकाठीच्या टोकाला. पोरगा वर चढला, मी खालून सूचना दिल्या. रडारपासून लांब, दुसऱ्या अँटेनापासून किमान मीटरभर, आणि जवळ उभा लोखंडी पाइप नको. जास्त डेसिबलची अँटेना लावा म्हणून तांडेल आग्रह करत होता. ती आपली शक्ती क्षितिजाच्या सपाट थाळीत वाढते. पण बोट डुलायला लागली की थाळी एकदा आभाळात आणि एकदा पाण्यात. ट्रॉलरला मध्यमच बरी.

पल्ल्याबद्दल बंदरात फार थापा चालतात. माझा हिशेब साधा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, चारने गुणा, तेवढे किलोमीटर. नऊ मीटरला बारा. समोरची बोटही नऊ मीटरची तर तिचे बारा, म्हणजे चोवीस. हातातला छोटा सेट पाण्यापासून दोन मीटरवर असतो, त्याचे जेमतेम सहा. किनाऱ्यावर शंभर मीटरच्या डोंगरावर कुणी अँटेना उभारली तर तिचे चाळीस. या लहरी सरळ जातात आणि पृथ्वी वळते, त्याला वॉट काय करणार? २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या साठांहून अधिक बोटी देवगडच्या बंदरात येऊन पडल्या. खोल समुद्रातल्या बोटींपर्यंत इशारा पोचवणं हे तेव्हाचं मोठं दुखणं होतं, आणि ते व्हीएचएफच्या आवाक्यातलं नव्हतंच. त्यासाठी इस्रोचं उपग्रहावरून हाक देणारं यंत्र आहे. माझा सेट शेजाऱ्याला हाक मारायला.

मीटर जोडला, बटण दाबलं. परतीचं प्रमाण १.३. दीडच्या आत आलं की मी विडी काढतो. दिवा मिणमिणला नाही.

आता चालवणं. यातलं यंत्राचं तेवढं पाच मिनिटांत सांगून होतं. बंदरात एक वॉट, बाहेर पंचवीस. स्क्वेल्चचं बटण खरखर थांबेपर्यंत फिरवायचं आणि केसभर पुढे, बस. रात्री शांत झोप लागावी म्हणून काहीजण ते पार टोकाला नेतात. मग दूरचा क्षीण आवाज दारातूनच परत जातो. माइक ओठांपासून दोन-तीन बोटं. बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणा आणि बटण सोडा. एका वेळी एकच बोलू शकतो, दाबून धरलंत तर तुम्ही बहिरे.

जुन्या सेटांवर याचा एक प्रसंग घडला होता. एक खलाशी माइकवरच बसला. पाऊण तास अख्ख्या पट्ट्याने त्याची नाखव्याबद्दलची मतं ऐकली, हिशेबासकट. त्याला सांगणार कसं? त्याचा सेट बोलत होता, ऐकत नव्हता. नाखवाही ऐकत होता म्हणतात.

हसू येतं, पण तो पाऊण तास चॅनेल सोळा बंद होता. १५६.८ मेगाहर्ट्झ. संकटाची हाक आणि पहिली ओळख, एवढ्यासाठीच तो. कुणाला हाक मारायची तर सोळावर मारा, उत्तर आलं की "बहात्तरवर ये" म्हणा आणि दोघे तिकडे जा. आपल्याकडे सोळावर काय नाही चालत? बर्फ, डिझेल, पापलेटचा भाव, कुणाच्या हळदीला किती कोंबड्या. माझं जुनं घड्याळ भिंतीवर बघत बसलेलं असतं आणि मला राग येतो.

हे मी तांडेलाला बोलून दाखवलं. तो माझं ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, रात्री दहा बोटी बोलत असतात. एक गप्प झाली की आम्हाला कळतं. मग आम्ही तिला हाका मारतो. कुणीच बोललं नाही, तर कोण गेलं ते कसं कळणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या शांततेत माणसं कानाला हेडफोन लावून पगारावर बसलेली असायची. इथे तांडेल सुकाणू धरतो, जाळं बघतो, आणि मित्राच्या बडबडीवर अर्धा कान ठेवतो. तरीही मी एवढं म्हटलं, की बडबड बहात्तरवर करा, सत्त्याहत्तरवर करा. सोळा मोकळा ठेवा. सेटमध्ये एकाच वेळी दोन चॅनेल ऐकायची सोय असते. ती मी त्याला लावून दिली.

मग सेटच्या वर एक कार्ड चिकटवलं, प्लास्टिकच्या आत, मराठीत. मेडे तीन वेळा. बोटीचं नाव तीन वेळा. नोंदणी क्रमांक. जागा. काय झालं. काय मदत हवी. माणसं किती. ओव्हर. मेडे हा शब्द फ्रेंच 'मेदे', म्हणजे मला मदत करा, यावरून आला. पोराला मी मे महिन्याशी संबंध नाही एवढंच सांगितलं. नावाखाली क्रमांक हवाच, कारण या किनाऱ्यावर एकवीरा नावाच्या बोटी किती! जागेवर मात्र आमचं अडलं. तांडेलाला जागा विचारली की तो म्हणतो, "सुवर्णदुर्गाच्या सामने, वीस वाव पाण्यात." हर्णैच्या माणसाला ते बरोबर सापडेल. तटरक्षक दलाच्या मुंबईतल्या माणसाला नाही. म्हणून जीपीएसच्या पडद्यावरचे अंश-मिनिटं एकेक आकडा सुटा करून वाचायचा सराव केला, माइक काढून ठेवून, सात-आठ वेळा. पोरगा तीन वेळा अक्षांश-रेखांश उलटे वाचून गेला. चौथ्यांदा बरोबर.

सेटवर झाकणाखाली लाल बटण आहे. काही सेकंद दाबून धरलं की चॅनेल ७० वरून बोटीचा नऊ आकडी क्रमांक आणि जागा आपोआप जाते. भारताचे क्रमांक ४१९ पासून सुरू होतात. पण क्रमांक सेटमध्ये भरलेला असायला हवा आणि जीपीएसच्या दोन बारीक वायरी सेटला जोडलेल्या असायला हव्यात. या बोटीवर दोन्ही नव्हतं. विकणाऱ्याने लाल बटण दाखवून पैसे घेतले होते. वायरी मी जोडल्या. क्रमांक परवान्याच्या कागदांबरोबर येतो, त्याचा अर्ज तांडेलाकडून लिहून घेतला. बहुतेक सेटांत तो एकदाच भरता येतो, म्हणून कागद हातात येईपर्यंत तिथे कुणी बोट लावायचं नाही, हेही बजावलं.

ऑगस्टात बोटी बाहेर पडल्या. संध्याकाळी मी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गेलो, देवासाठी थोडा आणि उंचीसाठी जास्त. हातातला सेट सोळावर लावून कठड्याशी बसलो. बराच वेळ फक्त खरखर. मग पोराचा आवाज आला, स्वच्छ, खोलीत बसून बोलावं तसा. कुणाला तरी विचारत होता, तुमच्याकडे म्हाकूळ लागला का. सोळावरच. मी बटणावर अंगठा ठेवला. तेवढ्यात तो स्वतःच म्हणाला, "थांब, थांब. बहात्तरवर ये."

मीही बहात्तरवर गेलो. म्हाकूळ बरा लागला होता.