‘ऊ’च्या पोटातला दहा

साकोली हा भाताचा मुलूख. समजा, इथल्या कुणी तालुक्यातल्या पिकांचा तक्ता विंडोजच्या नोटपॅडमध्ये टाइप केला, ‘यूटीएफ-१६’ म्हणून सेव्ह केला आणि लिनक्स सर्व्हरवर जसाच्या तसा चढवला. भंडाऱ्याच्या माणसाने तो एफटीपीने विंडोजवर उतरवून घेतला, पण टेक्स्ट मोडमध्ये. तक्त्याचं पहिलंच पीक ‘ऊस’ असेल, तर ‘ऊ’ नाहीसा होतो आणि ‘स’च्या जागी चिनी अक्षर उमटतं. दोष ना फॉन्टचा, ना टाइप करणाऱ्याचा. यूटीएफ-१६ मध्ये ‘ऊ’ दोन बाइटांत मावतो: १० आणि ९. लिनक्समध्ये ओळ संपल्याची खूणही १०च, तर विंडोजमध्ये १३ आणि १०. टेक्स्ट मोडला ‘ऊ’च्या पोटातला १० दिसतो, तो ओळ संपली असं समजून त्याच्या आधी १३ घालतो, आणि पुढचा १० येईपर्यंतच्या सगळ्या जोड्या एका घराने सरकतात.

म्हणून माझं म्हणणं ठाम आहे: फाइल पाठवायची ती बायनरी मोडमध्येच. नेणाऱ्याने बाइट न्यावेत, अर्थ उघडणाऱ्याने लावावा. टेक्स्ट मोड १९७१ मधल्या पहिल्या एफटीपीच्या काळाचा, इंग्रजी मजकूर समोर ठेवून आखलेला. तेव्हा तो सोयीचाच होता. पण त्याची धास्ती किती, हे पीएनजी चित्रांत दिसतं. त्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या आठ बाइटांत १३, १० आणि पुढे सुटा १० मुद्दाम पेरलेला असतो, वाटेत कुणी ओळींची डागडुजी केली तर लगेच कळावं म्हणून.

बायनरीने ओळींच्या खुणा बदलत नाहीत, मग लिनक्सवर विंडोजची स्क्रिप्ट अडते, हा आक्षेप खरा आहे. पण ती दुरुस्ती फाइल पोचल्यावर, डोळ्यांदेखत करता येते; वाटेत बिघडलेलं चित्र मात्र पुन्हा मागवावंच लागतं. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत तर इंग्रजी मोठ्या ‘ए’चा बाइटही नेहमीसारखा ६५ नसून १९३ असतो. तिथे रूपांतर हवंच, पण ते जाणूनबुजून आणि फक्त मजकुराचं. एफटीपी प्रोग्रामच्या ‘ऑटो’ मोडवर विसंबावं, तर तो बहुधा फाइलच्या नावाची शेपटी पाहून ठरवतो, आणि ‘.टीएक्सटी’ ही शेपटी आपल्या यूटीएफ-१६ तक्त्यालाही असते.

मराठीसाठी यूटीएफ-८ निवडावं. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि त्यांपैकी एकही १२८ पेक्षा लहान नसतो, त्यामुळे अक्षराच्या आत १० सापडूच शकत नाही. ‘साकोली’ म्हणजे सहा चिन्हं, अठरा बाइट. एवढाच शब्द असलेली फाइल पलीकडे अठराच बाइटांची पोचली आणि तरी अक्षरं विचित्र दिसली, तर बहुधा फाइल शाबूत असते. उघडताना यूटीएफ-८ निवडलं की ‘साकोली’ वाचता येतं.